दुसऱ्या अंकातलं एक मिनिट

"बाबा, एकदाच तालमीला या," असं मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा म्हाताऱ्या प्रॉम्प्टरनं कपाट उघडलं आणि कापडात बांधलेली वही काढून काखेत धरली. येतो म्हणाला नाही. चपला घातल्या.

पंधरा वर्षं त्यानं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली होती. मग डोळे साथ देत नाहीत म्हणून काम सोडलं आणि पुढची वीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळे गेलेला माणूस घड्याळात काय बघतो, हे घरात कुणी विचारलं नाही. विचारून उत्तर मिळेल असा तो माणूसच नव्हता. यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागते, असं बायको म्हणायची. नातीनं गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की तो चष्मा सापडत नाही म्हणायचा. चष्मा नाकावरच असायचा.

मुलगी बसवत असलेलं नाटक चार दिवसांवर आलं होतं. आधीची दोन सपशेल आपटली होती. हेही पडलं, तर पुन्हा कुणी तिच्या हाती नाटक देणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

नाटक जुनंच होतं. नऊ वर्षांची असताना तिनं ते पहिल्या रांगेत बसून पाहिलं होतं, विंगेत बाबा वही घेऊन बसलेले. दुसऱ्या अंकात एक बाप मुलाची वाट पाहत असतो. लेक विचारते, दिवा मालवू का? बाप म्हणतो, "राहू दे. उशीर झाला असेल त्याला." एवढंच. पण त्या दिवशी बापाचं काम करणाऱ्या मोठ्या नटानं या वाक्याआधी विंगेकडे पाहिलं आणि चांगला मिनिटभर नुसता उभा राहिला. आठशे माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारची बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. मुलीला रडू आलं नाही. आपल्याला आयुष्यात दुसरं काही करायचं नाही, एवढं मात्र तिला कळलं.

ही आठवण ती भेटेल त्याला सांगायची. पुढचंही सांगायची. त्याच दुपारी नटाचा खरा मुलगा अपघातात गेला. निरोप दुसऱ्या अंकातच आला होता, पण प्रयोग चालू असताना बाहेरचा निरोप नटाला द्यायचा नाही, पडदा पडेपर्यंत तो विंगेतच ठेवायचा, हा त्या नाट्यगृहाचा नियम. म्हणजे बघा, काही माहीत नसताना त्यानं ते उभं केलं, याला म्हणतात नट. प्रॉम्प्टर हे ऐकत बसायचा. त्याला काही वाटायचं नाही. त्या दिवसापासून त्याला फारसं काही वाटतच नव्हतं.

तालमीत नवा नट त्या जागी आला की मनातल्या मनात साठ मोजायचा आणि ते मोजणं चेहऱ्यावर दिसायचं. मुलीनं त्याला चार वेळा थांबवलं. पाचव्यांदा ती खुर्चीत बसून राहिली.

म्हातारा रंगभूषाकार प्रॉम्प्टरला ओळखत होता. वातावरण हलकं करायला त्यानं जुना किस्सा काढला. एकदा या पठ्ठ्यानं कंसातली ‘डावीकडून निघून जाते’ ही सूचनाच पुरवली होती आणि नटीनं ती हात जोडून प्रेक्षकांना ऐकवली होती. सगळे हसले.

"अर्थ डोक्यात घ्यायचा नसतो," प्रॉम्प्टर म्हणाला. "घेतला की अडखळतो माणूस. वहीत समोर असेल ते वाचायचं."

नव्या नटानं संधी साधून विचारलं, "काका, त्यांनी तेव्हा विंगेकडे का पाहिलं?"

"वाक्य विसरले होते."

मुलगी खुर्चीतून उठली. एकोणतीस वर्षं तिनं जे उराशी धरलं होतं, ते साधं विसरणं निघालं होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "तुम्ही दिलं नाहीत का वाक्य?"

"दिलं."

"मग मिनिटभर गप्प का राहिले ते?"

प्रॉम्प्टरनं कापडाची गाठ चाचपली. मग तिनं विचारलं, की पडदा पडल्यावर त्यांना बातमी सांगितली तेव्हा ते काय म्हणाले. त्यानं सांगितलं, की काहीच नाही. कसं झालं, कुठे झालं, एक अक्षर विचारलं नाही. शांतपणे तोंडाचा रंग पुसला. त्यानंतर त्यांनी कधी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं.

"जाताना माझ्यापाशी थांबले," तो म्हणाला. "वही मिटून ठेव म्हणाले."

मुलीनं विंगेतलं रिकामं स्टूल दाखवलं. मग म्हणाली, "बाबा, तेव्हा जसं दिलंत तसंच आज द्या. मला फक्त ते ऐकायचंय."

नाही म्हणणं त्याला जमलं असतं. इतकी वर्षं जमलंच होतं. पण तो विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसला, कापड सोडलं आणि मान हलवली.

प्रवेश सुरू झाला. लेकीचं काम करणाऱ्या मुलीनं दिवा मालवू का म्हणून विचारलं. नव्या नटानं ठरल्याप्रमाणे विंगेकडे पाहिलं.

वही आपोआप त्याच पानावर उघडली. पानावर घडी पडलेला, पिवळा झालेला एक कागद होता, नेमका त्या वाक्यावर. प्रॉम्प्टरनं तो बाजूला केला नाही. तेव्हाही केला नव्हता. फक्त नटापर्यंत पोचेल इतक्याच आवाजात, कसलाही चढउतार न करता, त्यानं वाचलं,

"मुलगा गेला. प्रयोग संपला की इस्पितळात या."