आमच्या केंद्रावरचं एक मत

शहराला चिकटलेला आमचा विधानसभा मतदारसंघ आजवर एकाच पक्षाने जिंकलाय. बाबा मात्र हरणाऱ्या पक्षाचे, आमच्या गल्लीतले एकुलते एक कार्यकर्ते. दर निवडणुकीत गल्लीच्या मतदान केंद्रावर त्यांच्या पक्षाला एकच मत पडायचं आणि शेजारी आईला चिडवायचे, "काय हो वहिनी, नवऱ्याच्या पक्षालासुद्धा मत नाही?" बाबाही त्यांच्यात हसायचे. "घरातच फितुरी, बाहेरच्यांना काय बोलणार." आई त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत राहायची.

मतदान यंत्रं यायच्या आधीची गोष्ट; एका निवडणुकीच्या तोंडावर आई गेली. मतमोजणीला बाबा एकटे पडतील म्हणून मी सासरहून आले. आमच्या केंद्राच्या मतपत्रिका टेबलावर ओतल्या, त्यांचे गठ्ठे लागले, पण बाबांच्या पक्षाच्या खणात काहीच आलं नाही.

"पुन्हा मोजा साहेब, एक असतंच," बाबा हात जोडून म्हणाले. पुन्हा मोजून झालं, तरी ते टेबलाची कड सोडेनात. "पेटीत बघा ना, कुठेतरी चिकटलं असेल."

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, निदान तुमचं स्वतःचं मत तरी निघायला हवं ना?"

"माझं कधीच नव्हतं गं. हरणाऱ्याला मत द्यायला हात धजायचा नाही." त्यांची नजर रिकाम्या खणावरून हलत नव्हती.



"मला वाटायचं, गल्लीत कुणीतरी आपलं आहे."