हात सैल सोडा

विश्रांतवाडीच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं आणि सत्तरीच्या बद्रीनाथकाकांनी शेजाऱ्याच्या डोक्यात छत्री घातली. अटक झाली. अटक म्हटली की कायद्याने बोटांचे ठसे आलेच.

ठसे घ्यायला नम्रता नावाची नवी पोलीस शिपाई होती. तिचे दोन फॉर्म पुसट म्हणून परत आले होते. तिसरा परत आला तर साहेब तिच्याकडून हे काम काढून घेणार होते.

"काका, बोट जोरात दाबा."

"दाबायचं नसतं, फिरवायचं असतं. नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत."

"बरीच माहिती आहे तुम्हाला. याआधी कितीदा आलात?"

"रोज. तीस वर्षं ठसे घ्यायचीच नोकरी केली."

काकांनी चष्मा पुसला आणि शाईचा रूळ पातळ फिरवला. "हात सैल सोडायचा. आपण मदत करायची नाही." नम्रता शाळेतल्यासारखी ऐकत गेली. दहाही बोटं फॉर्मवर स्वच्छ उमटली.

"अगदी छापल्यासारखे आलेत, काका." आरोपीचं नाव लिहायला तिने आनंदाने पेन उचललं, तर पेन काळं झालं. तिचीच दहा बोटं शाईने माखली होती. काकांची कोरडी होती.

तिने तो फॉर्म काकांपुढे धरला.

"सवय हो," काका ओशाळून म्हणाले. "इतकी वर्षं समोरच्याचाच हात धरला."

मग त्यांनी कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात सैल सोडला.