शेवटचा पर्याय

"उतारा वाचायचा नाही," शेखर सर म्हणाले आणि मागच्या बाकावर बसलेल्या रखमीचे कान टवकारले.

"आधी प्रश्न वाचायचे. मग उत्तर शोधायला उताऱ्यात शिरायचं, सापडलं की बाहेर. अख्खा उतारा वाचत बसलात तर वेळ संपला म्हणून समजा. आणि उत्तर उताऱ्यात नसेलच तर? मनाचं लिहायचं नाही. खरं असलं तरी नाही. सरळ शेवटचा पर्याय. कुठला?"

"उताऱ्यात दिलेले नाही!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. रखमीची पोर रुपा आज पहिल्यांदाच आली होती, पण फळ्यावरचं बघून ओरडण्यात तीच पुढं.

रखमीला हे काही पटेना. धसईपल्याडच्या वाडीतून ती पोरीला मुरबाडच्या या क्लासात घेऊन आली होती ती निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी. पाचवीत एकदाच बसता येतं. लागली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण, कशाकशाची चिंता नाही. आणि हा बाबा शिकवतोय काय, तर वाचू नका! रखमीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण तांदूळ निवडायचे तर सगळं सूप बघावं लागतं, एवढं तिला कळत होतं.

सरांनी टेबलावर घड्याळ मांडलं. दहा मिनिटं. पोरं कागदावर तुटून पडली. रुपा सहा मिनिटांत हात वर करून मोकळी.

"वाचलंस सगळं?" रखमीनं पुढं वाकून दबक्या आवाजात विचारलं.

"नाय."

"मंग?"

"पाचच्या पाच बरोबर हायत बघ."

आणि खरंच बरोबर निघाली. रखमीचा संशय उलट वाढलाच. न वाचता उत्तरं येतात म्हणजे कुठंतरी काहीतरी पाणी मुरतंय.

क्लास सुटल्यावर सरांनी तिला टेबलाशी बोलावलं. "पोरगी तल्लख आहे हो, मावशी. लागणार म्हणजे लागणार." त्यांनी छापलेली तीन पानं पुढं सरकवली. "इथं अंगठा द्या. आणि जातीचा मूळ दाखला ठेवून जा. राखीव जागेचा फॉर्म आम्हीच भरतो. पण जरा लवकर करा, तुमची साडेपाचची गाडी सुटेल."

रखमीचा हात आपोआप कमरेच्या पिशवीवर गेला. प्लास्टिकात, वरून फडक्यात गुंडाळून तिनं दाखला आणला होता. पणजोबापासूनची कागदं गोळा करता करता दोन पावसाळे गेले तेव्हा कुठं तो हातात पडला होता. वाडीतल्या भगीरथानं पोराचा दाखला असाच कुणा क्लासवाल्याच्या हवाली केला. तो बिचारा अजून फेऱ्याच मारतोय. आणि धसईच्या बाजारात करवंदं विकताना जो व्यापारी "चल चल, गाडी सुटते" म्हणायचा, त्याच्या तराजूकडं रखमी दोनदा बघायची.

"काय लिवलंय यात?"

"नेहमीचंच. नियमबियम. सगळ्यांनीच दिलाय अंगठा."

"रुपा, इकडं ये गो. वाच."

सर हसले. "तीन पानं? ती वाचत बसली तर गाडी गेलीच तुमची."

रखमीला असा राग आला! अंगठेबहाद्दर बाई बघून हा आपल्याला गुंडाळतोय. ती पोरीला म्हणाली, "सगळं नको वाचू. सरांनी शिकवलं तसं कर. आधी प्रश्न. मी विचारते, तू शोध."

सरांचं हसू जरा आवरलं.

"दाखला कोणाकडं ऱ्हाईल?"

रुपाचं बोट पानावरून भराभर खाली उतरलं. "क्लासकडं. दुसऱ्या पानावर हाय."

"आणि मधीच क्लास सोडला तर?"

पान उलटलं. "तरी क्लासकडंच."

"मंग परत कवा देनार?"

रुपाचं बोट तिसरं पान उतरलं. पुन्हा पहिल्यावर गेलं. दुसऱ्यावर. पुन्हा तिसऱ्यावर.

"अहो, परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी देतो," सर म्हणाले. "मी सांगतोय ना?"

रुपा कानकोंडी झाली. सर तिला आवडले होते. खाली बघत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "सर, हे मनाचं झालं. उताऱ्यात दिलेलं नाय."

सरांनी तिन्ही पानं आपल्याकडं ओढून घेतली.

दाखला घेऊन तडक उठावं असं रखमीच्या मनात आलं. पण दुसरा क्लास होता कुठं? आणि आत्ता पोरीनं जे केलं ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. माणसाचा भरवसा नाही, पण शिकवतो मात्र खरं. तिनं सरांचं पेन उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"मंग घाला उताऱ्यात."

"आत्ता? मावशी, तुमची गाडी..."

बाहेर स्टँडावरून धसईची गाडी निघाल्याचा आवाज आला. रखमीनं खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून ती सरांच्या समोर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि टेबलावरचं घड्याळ उचलून पालथं ठेवलं.

"जीप भेटंल कुठलीतरी. तुमी लिवा सावकाश. मंग रुपा वाचंल, पयल्या अक्षरापासून."