मातीतलं घड्याळ

"पाण्याची भीती नाही, आपटलं तरी बिघडत नाही. रोज घाला, आबा," असं बजावून राजनंदानं पहिल्या पगारातून आणलेलं स्पोर्ट्‌स वॉच वडिलांच्या मनगटावर बांधलं. चाळीस वर्षं तालमीत पोरं पारखणारे हिंदुराव वस्ताद म्हणाले, "प्लास्टिकचं हाय गं. आमच्या मातीत आठवडा टिकायचं न्हाई." लेकीचं तोंड एवढंसं झालं.

तिसऱ्याच दिवशी डाव दाखवताना त्यांनी कसाबसा अडकवलेला पट्टा निसटला आणि घड्याळ कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत गडप झालं. शोधून सापडेना. लेक फोनवर विचारायची, "घालता ना?" वस्तादांना नेमका तेव्हाच खोकला यायचा.

पंधरा दिवस त्या मातीवर शंभर-शंभर किलोचे पैलवान एकमेकांना आपटत होते. वरून तेल, ताक, लिंबू पडलं ते वेगळंच. रविवारी राजनंदा यायची होती. शनिवारी माती उकरताना फावड्याला काहीतरी खटकन लागलं. वस्तादांनी तो लाल गोळा धोतराला पुसला. आतले सेकंद आपले पळतच होते! त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली. भिंतीवरचंच पाच मिनिटं मागं होतं.

नवं पोर कसाला उतरलं, की वस्ताद त्याच्या कपाळाला हौद्यातल्या मातीचं बोट लावत. मगच ते तालमीचं होई.

रविवारी लेकीनं त्यांचं मनगट हातात घेतलं. "आबा, काचेला माती कसली लागलीय?"

"पुसू नगंस," वस्ताद म्हणाले. "कालच घेतलंय त्याला तालमीत."