खाली डोकं, वर देठ

"सगळं पसंत आहे," खरेदीवाल्या बाई म्हणाल्या. "फक्त ही फुलं तेवढी सुलटी करा."

तिने हातातला ड्रेस टेबलावर ठेवला. बाई एका मोठ्या कंपनीच्या होत्या, शहरभर दुकानं असलेल्या. त्यांची ऑर्डर म्हणजे वर्षभराचं काम. ती स्वतः डिझाइन काढायची, स्वतः बेतायची, आणि शिवायला तिच्याकडे चार बायका होत्या. धंदा फायद्यात होता, देवाच्या दयेने कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. पण मंदीचे महिने आले की त्या चौघींना "कळवते हं" असं सांगून घरी पाठवावं लागे. हे "कळवते हं" म्हणताना तिला दरवेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ही ऑर्डर मिळाली तर ते पुन्हा म्हणायची वेळ येणार नव्हती.

आणि घोडं अडलं कुठे, तर फुलांपाशी. तिच्या प्रत्येक ड्रेसवर फुलं उलटी असत. खाली डोकं, वर देठ. तीच तिची ओळख झाली होती.

"लोकांना वाटेल, कापताना चूक झाली," बाई म्हणाल्या.

चूकच झाली होती. नोकरी सोडून तिने पहिला तागा आणला होता, स्वतः काढलेली फुलं छापून घेतलेला. खडूच्या खुणा नीट उठाव्यात म्हणून तिने कापड पालथं घातलं, थरावर थर रचले आणि एका दमात कातरून टाकलं. पालथ्या कापडावर फुलांचं डोकं कुठे नि देठ कुठे, कोण बघत बसतंय? पहिला ड्रेस शिवून खुंटीला लावला तेव्हा डोळे उघडले. तोवर सगळा तागा कापून झाला होता, आणि दुसरा आणायची ऐपत नव्हती.

"जुन्या जागी जा परत," नवरा म्हणाला. "त्यात काही कमीपणा नाही." तो चांगल्या मनानेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. ती चिंध्यांच्या ढिगात बसून "सगळी फुलं उलटी" म्हणत हमसून हमसून रडली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. तोंडाने फटकळ. शिवणाऱ्या बायका आजही त्यांना मागून 'हेडऑफिस' म्हणतात. त्या दिवसांत त्यांच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडायचं, आणि तक्रार केली तर "पिऊन बघ, सवय होते" असं ऐकावं लागायचं. त्यांनी खुंटीवरचा ड्रेस ओढला, अंगात घातला आणि खुर्चीत बसून मांडीवरून हात फिरवला.

"उलटी कोण म्हणतं? मला तर सरळ दिसताहेत."

तिचा विश्वास बसेना. मग तिने तो ड्रेस स्वतः घातला, खुर्चीत बसली आणि मान खाली घातली. खरंच की. समोरच्याला उलटी, पण घालणारीला अगदी सरळ. सगळी फुलं तिच्याकडे तोंड करून उभी होती. त्या दिवशी तिचं रडणं थांबलं. सगळा तागा तसाच शिवला, तसाच विकला गेला. पुढचा तागा तिने मुद्दाम उलटा कापला.

आज मात्र "हो" अगदी जिभेवर आलं होतं. सुलटी केली तर काय आभाळ कोसळणार होतं? आतल्या खोलीतली मशीनं केव्हाची थांबली होती. चौघी कान देऊन बसल्या होत्या.

"एकदा घालून बघता का?" ती म्हणाली.

"मी कपडे घेते, घालत नाही," बाई हसल्या. पण पडद्याआड गेल्या. बाहेर येऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. "बघा. उलटीच आहेत."

"आता जरा बसा."

बाई बसल्या. पर्स मांडीवर ठेवायला म्हणून त्यांनी खाली पाहिलं, आणि पर्स हातातच राहिली. त्यांनी एका फुलावरून बोट फिरवलं.

"ऑर्डर पक्की. फुलं आहेत तशीच राहू द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि हा मी काढत नाही. याचं वेगळं बिल करा."

बाई गेल्या तशी आतली मशीनं एकदम सुरू झाली. सासूबाई नेहमीप्रमाणे खिडकीपाशी हुक लावत बसल्या होत्या. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. इतकी वर्षं म्हणायचं राहून गेलं होतं, ते आज आपसूक तोंडात आलं.

"आई, हे सगळं तुमच्यामुळे. माझीच फुलं, पण मला दिसली नाहीत, तुम्हाला दिसली. नाहीतर मी तेव्हाच परत गेले असते नोकरीवर."

सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला.

"तेव्हा मला कुठली दिसायला? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. फुलं आहेत की डाग, तेही कळत नव्हतं. ऑपरेशन तर मागाहून झालं, तुझ्याच कमाईतून."

"मग सरळ दिसताहेत असं कशाला म्हणालात?"

सासूबाईंनी पुढचा हुक उचलला.

"तुझं रडणं ऐकू येत होतं ना."