कावाचं मूळ

मंगेश बोटीवरून समुद्रात पडून गेला, त्याला दोन वर्षं झाली. आज त्याचा बोटीवरचा सोबती पुष्कर वालावल गावी मंगेशच्या आईसमोर बसला होता. फिजीहून आणलेलं कावाचं मूळ त्याने पुढे ठेवलं.

“थंय माफी मागताना ह्यां देतत. समोरच्यान कुटून प्यालां, तर माफ केलां.”

“कसली माफी?”

“त्या दिसाची पाळी माझी होती, काकी. माका ताप इल्लो, म्हणान माझ्या बदली तो गेलो.”

काकी उठून आत गेल्या. कितीतरी वेळ नुसते खलबत्त्याचे ठोके ऐकू येत होते. करवंटीभर गढूळ कावा घेऊन त्या बाहेर आल्या आणि उभ्यानेच अर्धा प्यायल्या.

“तुझ्या तापाचां त्यान माका फोनवर सांगलेलां,” करवंटी त्याच्या हातात देत त्या म्हणाल्या. “तू कधी येतंस, तीच वाट बघी होतंय. उरलेलो तू पी.”