मापाचा हात

"हे पण मशीन बाद!" मापकाकांनी दंडावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि कंपनीच्या इंजिनिअर मुलीकडे असं पाहिलं, जणू तिनंच मुद्दाम नासकं मशीन आणलंय. जुन्या मशीनच्या जागी आणलेलं महिन्याभरातलं हे तिसरं.

मशीनचं काम तसं सोपं. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. रक्त धावत सुटलं की धडधाकट माणसाची रक्तवाहिनी रुंदावते. तसा हुकूम तिच्या आतलं अस्तर देतं. अस्तर बिघडलं की रक्तवाहिनी ढिम्म राहते, आणि पुढच्या हृदयविकाराची ती पहिली खूण. रक्तवाहिनी किती टक्के रुंदावली तो आकडा पडद्यावर येतो; आठच्या आसपास आला म्हणजे गडी ठणठणीत.

काकांचा आला दोन.

आता काकांना आजारी म्हणायची हिंमत कोण करणार? हृदयविभागातले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ ते. चौदा वर्षं मशीन आधी त्यांच्या हातावर लावून बघायची रीत होती. त्यांचा आठ आला की मशीन बरोबर. म्हणून तर ते मापकाका! निवृत्तीला दोन महिने उरलेत, आणि जाता जाता हे डबडं त्यांना खोटं पाडणार? छे!

मुलगी शहाणी निघाली. तिनं वाद घातला नाही. पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आठ. मग फरशी पुसणाऱ्या मावशींना टेबलावर झोपवलं. लिफ्टला घाबरून रोज चार मजले चढणारी बाई ती. साडेनऊ!

"अगं बाई, पास झाले का मी?" मावशी उठून बसल्या.

काका मटकन स्टुलावर बसले. घरी काय सांगायचं? रोज फिरायला चला म्हणून बायको कानीकपाळी ओरडते, आणि हे ऐटीत सांगतात, अगं, मी मापाचा माणूस!

गलका ऐकून डॉक्टरसाहेब आले. आकडे बघून ते पोट धरून हसले, आणि त्यांचं पोट धरायला दोन हात पुरत नव्हते.

"काका, मशीन राहू द्या, तुम्हालाच दुरुस्तीला पाठवू! अहो, घाबरताय काय? अस्तर सुधारतं पुन्हा. सिगारेट बंद, तळकट बंद, आणि रोज चालायचं."

काकांनी मान डोलावली. मुलीला मात्र चैन पडेना.

"काका, जुनं मशीन तुम्हाला कायम आठच दाखवायचं?"

"नाही गं. म्हातारं झालेलं ते. दर वर्षी थोडं थोडं कमी दाखवायचं. मग मी बटण फिरवून परत आठावर आणायचो."

डॉक्टरांचं हसू थांबलं. "दर वर्षी?"

"न चुकता, साहेब."

आपण काय बोलून गेलो हे काकांना आता कळलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे त्या मशीनवर ज्यांना ज्यांना 'उत्तम' शेरा मिळाला," मुलगी म्हणाली, "त्या सगळ्यांना परत बोलवावं लागणार. यादी आहे का?"

डॉक्टरांनी कोट काढला, बाही दंडापर्यंत सरकवली आणि टेबलावर आडवे झाले.

"यादी सावकाश काढा," ते म्हणाले. "पहिलं नाव माझं घ्या."